अळणी आमटीसाठी तीर्थपुरीला

जालन्याहून तीर्थपुरीला जायचं असेल तर उन्हाळा टाळा, असं मला चौघांनी सांगितलं होतं. आम्ही निघालो ते चैत्र संपता संपता, ऐन उन्हात. थांबायची सोय नव्हती.

आमचं घर जालन्याला कादराबादेत. हे कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुनीम आहेत. थंडी सरत आली तेव्हापासून संध्याकाळी यांचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, दिवसभर गादीवर मांडी घालून बसतात म्हणून असेल. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा दिसू लागला, जोडे पायांत जाईनात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मूत्रपिंडाचा विकार सांगितला. कामावर जाणं बंद, मीठ बंद, पापड-लोणची बंद. उठता उठता त्यांनी विचारलं, "घरात ती पांढरी पूड वापरता का?"

वापरत होतो. दोनेक वर्षांपासून मुंबईहून आमच्या बाजारात एक डबी येते. दुकानदार तिला विलायती मसाला म्हणतो, पण तिला मसाल्याचा वासही नाही. साखरेपेक्षा बारीक, चमकदार कण असतात. चिमूटभर टाकली की साध्या वरणाला लग्नाच्या पंगतीची चव येते. जिनिंगजवळच्या खाणावळीत ती पडायची, यांच्या जिभेला लागली आणि मग घरी आली. डॉक्टर म्हणाले, "त्यातही मिठाचाच अंश आहे. तीही बंद."

मी त्याच दिवशी डबी चुलीजवळून उचलून वन्संच्या हाती दिली आणि फेकून द्यायला सांगितली. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. त्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या. सासूबाई गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं. हे बत्तिसाव्या वर्षीही त्यांच्यासाठी "दत्ता"च आहेत. घरात सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळचा त्यांचा.

तीन आठवडे गेले. सकाळी मी वाढलेलं अळणी ताट हे दोन घासांनंतर बाजूला सारत. "अगं, गिळायला गेलं की परत येतं," म्हणत. संध्याकाळी मात्र वन्संच्या हातचं थोडं तरी पोटात जाई. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. निदान एक वेळ जेवतात, असं मनाशी म्हणायचे. पण सूज काही उतरेना. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, उचलला, तर खड्डा तसाच राहिला. ते माझ्याकडे वळले.

"बाई, मीठ खरंच बंद आहे ना?"

"बिलकुल बंद आहे."

त्यांनी मला असं न्याहाळलं की खरं बोलूनही माझी मान खाली गेली. "आठ दिवस बघू," ते म्हणाले, "नाहीतर हैदराबादेला न्यावं लागेल."

औषधाची बाटली घ्यायला थांबले तेव्हा कंपाउंडर हळूच म्हणाला, "तीर्थपुरीला कोंडाबाई म्हणून एक बाई आहे. लग्नांमधून आमटी करते. तिच्या नवऱ्याला हाच विकार आहे. तीन वर्षं मिठाशिवाय जेवतो आणि दोन दोन भाकरी खातो. एकदा जाऊन विचारून तर या."

घरी येऊन मी जायचं ठरवलं. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेजारच्या जमनाबाईंनी चार दिवस यांचं जेवणखाण बघायचं कबूल केलं. मी त्यांना तीन तीनदा बजावलं, मिठाचा कणही नको. वन्संनी घरी थांबावं अशी माझी इच्छा होती. त्या ऐकेनात. "एकटी बाई कशी जाशील? मी येते." आवाज असा की पुढे बोलायची सोयच उरली नाही.

अंबडची मोटार स्टेशनाच्या बाजूला उभी असते. सहाला सुटते म्हणतात, पण माणसं भरली की सुटते. बायकांना ड्रायव्हरच्या मागचं बाकडं देतात. भाडं माणशी सहा आणे हाली, म्हणजे निजामी नाण्यात, आणि गाठोडं मोठं असेल तर त्याचा खर्च वेगळा. जाणाऱ्यांनी डोक्याला बांधायला एक जादा फडकं जरूर घ्यावं. गोलापांगरी मागे पडेपर्यंत आमच्या पापण्यांवर पिठासारखी धूळ बसली होती. दुधनेच्या पात्रात पाणी घोट्याइतकंच होतं. दोन्ही काठांना खरबुजांच्या वाड्या होत्या, आणि वाळूत मांडून बसलेल्या एका बाईकडून सगळ्या मोटारीने खरबुजं घेतली. एरवी मीही घेतली असती. पण माझं सगळं लक्ष एकाच हिशेबात होतं. आता ते उठले असतील. आता जमनाबाईंनी पेज नेली असेल. आता त्यांनी ती परत पाठवली असेल.

अंबडला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती. वडीगोद्रीची मोटार तासाभराने होती. वन्सं म्हणाल्या, "मत्स्योदरीला जाऊन येते." देवीची टेकडी समोरच दिसते, पायऱ्याही फार नाहीत, म्हणून मी गाठोड्यांपाशी थांबले. तास गेला. मोटारीचा भोंगा वाजायला लागला. ड्रायव्हर दोनदा ओरडला, "चलो माँजी, जल्दी!" आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघताच गाडी घेऊन गेला. त्यानंतर वन्सं आल्या. डोळे लाल झालेले, पदर कपाळावर ओढलेला.

"पुढची मोटार तीनला आहे," मी म्हणाले. आवाजातला राग लपवला नाही. "इतका वेळ काय मागत होतात देवीला?"

"मागितलं काही नाही. सांगत होते."

काय ते मी विचारलं नाही. लिंबाच्या सावलीत बसून आम्ही घरची भाकरी सोडली. वन्संनी एक तुकडा मोडला आणि तो हातात तसाच धरून ठेवला.

वडीगोद्रीला पोचेपर्यंत दिवस कलला. सडकेला लागून दुकानं आहेत. पेंड, गूळ, दोरखंड, कंदिलाच्या काचा, सगळं मिळतं. धान्याच्या दुकानदाराने सांगितलं की दुसऱ्या दिवशी तीर्थपुरीचा बाजार, म्हणून पहाटे गाड्या निघतील. मुक्कामाला मारुतीच्या देवळाची पडवी होती. विहिरीचं पाणी गोड आहे, पण पोहरा आपला आपण न्यावा. देवळातला पोहरा फुटका होता.

पहाटे बाबूराव नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानाने आम्हाला मडक्यांच्या रचणीत बसायला जागा दिली. पैसे घेतले नाहीत. "मडकी धरून बसा, तेच भाडं," म्हणाला. त्यामुळे सबंध वाटभर एकेक मडकं आमच्या मांडीत होतं. रस्ता म्हणजे काळ्या रानातली चाकोरी. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या होत्या. बैल त्यांच्या मनाने चालत होते.

"कुनाकडं जाऊन राह्यल्या?" बाबूरावने विचारलं.

"कोंडाबाईंकडे."

"आमटीवाली? मंग बराबर जागी चालल्या. माझ्या पोरीच्या लग्नात तिनंच केल्ती. मानसं पत्रावळीवरची आमटी बोटानं चाटून गेल्ती."

तेवढ्यात मागून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. माझ्या हातातलं मडकं निसटता निसटता राहिलं. माझ्या मनाने घेतलं, जालन्याहून कुणीतरी निरोप घेऊन आलं. मागे वळून बघायचा धीर होईना. स्वार जवळ आला, बाबूरावाला रामराम घातला आणि धूळ उडवत पुढे निघून गेला. पागोटं बांधलेला कुणी पाटील असावा. त्यानंतर कितीतरी वेळ मी ते मडकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. वन्संनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तीर्थपुरीत शिरलो तेव्हा बाजार भरून गेला होता. मिरच्यांचे ढीग एवढे की वाऱ्याची दिशा बदलली की सगळा बाजार शिंकायचा. कोंडाबाईंचं घर विचारत विचारत सापडलं. ओट्यावर एक हाडकुळा माणूस अंबाडीचं चऱ्हाट वळत बसला होता. तेच त्यांचे यजमान, नारायणराव. मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. घोट्याची हाडं स्पष्ट दिसत होती. मला रडूच आलं.

"बाजारातून येईल आता," ते म्हणाले. "बसा. पानी प्या."

कोंडाबाई आल्या त्या डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन. उंच बाई, आवाज कोरडा. पाटी उतरवली, हात धुतले, मग आमचं ऐकून घेतलं. मी पायांच्या सुजेपासून डॉक्टरांच्या अंगठ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या मिरच्यांची देठं मोडत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "किती दिस झाले मीठ सोडून?"

"तीन आठवडे."

"आन् सूज?"

"तेवढीच आहे."

त्यांचा देठं मोडणारा हात थांबला. "न्हाई व्हायचं असं. मीठ सुटलं की आठ दिसांत फरक पडतो. ह्यांचा पडल्ता. सूज उतरत न्हाई म्हंजे मीठ कुठून तरी जाऊन राह्यलंय. बाहेर जेवतात का?"

"घराबाहेर पडले नाहीत ते."

"मंग घरात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वन्संकडे. "सैपाक कोन करतं?"

"सकाळी मी, संध्याकाळी वन्सं," मी म्हणाले, आणि तोंडातून शब्द निघता निघता मला कळलं.

वन्संनी कमरेची चंची सोडली. तिच्यातून कागदाची एक पुडी काढून जमिनीवर ठेवली. तिचा कोपरा उलगडला होता आणि आत ते चमकदार कण दिसत होते.

"एक चिमूट," त्या म्हणाल्या. "रोज एकच चिमूट ही, आणि एक चिमूट मीठ. दत्ता उपाशी निजायचा गं, सरू. सकाळी तुझं ताट परत यायचं. मला बघवेना. लहानपणी आजारी पडला की मी असंच... काहीतरी चवीचं करून भरवायची. वाटलं, पोटात गेलं तर अंगात ताकद राहील. आईविना पोर." त्यांनी पुडीचा कोपरा बोटाने मिटला. "अंबडला देवीला तेच सांगत होते. तुला सांगायची हिंमत नव्हती."

बोलले असते तर काय तोंडातून गेलं असतं याची मलाच भीती वाटली. डॉक्टरांनी मला खोटारडी ठरवलं होतं. तीन आठवडे मी रात्रंदिवस विचार करत होते की माझं काय चुकतंय, पाण्यात दोष आहे का, पिठात आहे का. आणि संध्याकाळचं ताट रिकामं झालं की मीच वन्संना म्हणत होते, तुमच्या हाताला गुण आहे.

मी उठले आणि मागच्या विहिरीपाशी जाऊन बसले. तिथूनच जालन्याला परत निघावं असं वाटलं. पण गाड्या बाजार उठल्यावर दुसऱ्या दिशेला जाणार होत्या. वडीगोद्रीकडे जाणारी गाडी परवाच मिळणार होती.

थोड्या वेळाने कोंडाबाई आल्या. काठावर टेकल्या. "आता पळून काय होनार? घरी आत्ता तू न्हाईस, ती न्हाई. मंग तिकडं मीठ कोन घालून राह्यलंय?"

"कुणी नाही. शेजारच्या बाई आहेत. त्यांना बजावून आलेय."

"तर मंग त्याचं बरंच चाललंय. तू इथं बस. शीक. परवा जा."

"त्यांनी लाडाने केलं," मी म्हणाले. का म्हणाले, ठाऊक नाही.

"लाडानं केलं का वैरानं, अंगाला काय समजतं? पानी साचायचं ते साचतंच." त्या उठल्या. "पर तिला एकटी बसू देऊ नको. लई घाबरलीय."

मी आत आले तेव्हा ती पुडी जमिनीवर नव्हती. कोंडाबाईंनी ती उकिरड्यात खोल पुरून टाकली होती.

दुपारी नारायणरावांचं जेवण वाढलं गेलं आणि त्याच आमटीची एक वाटी माझ्यापुढे आली. यासाठीच मी एवढी लांब आले होते. पहिल्या घोटाला जिभेने मीठ शोधलं, ते मिळालं नाही. म्हटलं, हीही तसलीच. दुसऱ्या घोटाला चिंचेचा आंबटपणा आला, त्याच्या मागून भाजल्या धान्याची खरपूस चव, आणि मग दगडफुलाचा तो मातीत धूर मिसळल्यासारखा वास. वाटी संपली तेव्हा लक्षात आलं की मी मीठ शोधायचं विसरले होते.

"पहिल्या दिशी असं लागत न्हाई बरं," कोंडाबाई म्हणाल्या. "ह्यांनी सहा महिने ताट फेकलं माझ्या अंगावर."

नारायणराव घास चावत हसले. "दोनदाच फेकल्तं."

आता ज्यांच्या घरी असं माणूस असेल त्यांच्यासाठी कृती लिहिते. भाजून दळलेल्या या मसाल्याला येसर म्हणतात. आमच्याकडे लग्नाकार्यात करतात, पण कोंडाबाईंनी तो रोजच्या अळणी जेवणासाठी बदलून घेतला आहे. बाजरी दोन वाट्या, हरभऱ्याची डाळ एक वाटी, मूठभर गहू. प्रत्येक धान्य वेगवेगळं, मंद आचेवर, बाजरी फुटून वास सुटेपर्यंत भाजायचं. घाईत एकत्र भाजलं तर गहू कच्चे राहतात आणि डाळ जळते. मग वाटीभर धने, त्याच्या निम्मे जिरे, सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी, पाच-सहा मिरच्या, थोडी मिरी, चार लवंगा आणि मूठभर दगडफूल. दगडफूल सगळ्यांत शेवटी, तवा उतरवल्यावर नुसत्या उष्णतेवर परतायचं. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कांदा. तो पातळ चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा आणि थेंबभर तेलावर काळपट होईपर्यंत परतायचा. मिठाची जागा तो भरतो, असं कोंडाबाई म्हणतात. सगळं जात्यावर दळायचं. आमटीला डाळीचं कढण, चिंचेचा कोळ, चार लसूण पाकळ्यांची फोडणी आणि वाढणीला दोन चमचे येसर. भाकरीबरोबर कारळाची चटणी, तीही मिठाशिवाय, लिंबू पिळून. ताजं लिंबू ताटात हवंच. आंबट असलं की जिभेची मिठाची ओरड कमी होते.

हे सगळं शिकायला दीड दिवस लागला. कोंडाबाईंनी आम्हा दोघींना एकाच जात्याला बसवलं. मी आणि वन्सं समोरासमोर, एका खुंट्याला दोघींचे हात. बोलणं नाही. जातं फिरत होतं, पीठ पडत होतं. मध्येच मला वाटे, हात काढून घ्यावा आणि यांना एकटीलाच ओढू द्यावं. मग त्यांच्या मनगटावर उठलेल्या शिरा दिसत, आणि मी थोडा जोर वाढवी. माझा राग तसाच होता. पण दळण आपलं चालू होतं.

निघताना मी कोंडाबाईंना लुगडं-चोळीचे पैसे देऊ लागले. त्यांनी हात मागे घेतले. "त्यांना सांगा, सहा महिने ताट फेकू नका म्हनावं. आमच्या गावचा निरोप हाय म्हनावं."

परतीचा रस्ता तोच, पण दुप्पट लांब वाटला. वडीगोद्रीला एक मुक्काम करून सकाळची मोटार धरली. येसराचा डबा मी मांडीवर घेतला होता. अंबडला गाडी बदलली, आणि दुधनेच्या अलीकडे टायर फुटलं. ड्रायव्हर म्हणाला अर्धा घंटा, लागले दोन. माणसं बाभळीखाली जाऊन झोपली. मला बसवेना. चालत निघावं का, असाही विचार आला. जालना अजून कित्येक कोसांवर होतं आणि ऊन तर असं की रस्त्यावरची खडी पायताणातून लागत होती. पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत काहीही होऊ शकतं. डॉक्टर म्हणाले होते आठ दिवस बघू. त्यातले पाच मी बाहेर घालवले.

तिथे वन्सं माझ्याशी बोलल्या. ती पुडी काढल्यानंतर पहिल्यांदाच.

"घरी गेल्यावर मी दत्ताला सांगणार आहे."

"नका सांगू," मी म्हणाले. "या वेळी त्यांच्या मनाला लागेल असं काही नको."

"मग तुझ्या माथी राहील. डॉक्टर तुलाच खोटं समजतात."

"समजू देत."

"नाही, सरू." त्यांनी मान हलवली. "एवढं मला करू दे."

टायर बसलं आणि आम्ही निघालो.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. जमनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आधीचे दोन दिवस काहीच घेतलं नाही हो," त्या म्हणाल्या. "काल पेज घेतली, ती पण चार घोट. मी तर घाबरून गेल्ते."

मी गाठोडं दारातच टाकून आत गेले. हे पडले होते, गाल आत गेलेले, ओठ सुकलेले. माझ्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. मी पांघरूण वर सारलं आणि पाय पाहिले. घोट्यापाशी, कितीतरी आठवड्यांनी, हाडाची कड दिसत होती. अंगठ्याने दाबलं. खड्डा पडला, पण उथळ, आणि बघता बघता भरून आला. मी परत दाबलं, परत पाहिलं. ते म्हणाले, "अगं, दुखतंय." सूज उतरू लागली होती आणि माणूस उपासाने खंगत होता. आनंद मानावा की धास्ती घ्यावी, कळेना.

हातपाय धुऊन मी लगेच चूल पेटवली. डाळ शिजेपर्यंत उभीच होते. वन्संनी लसूण सोलला. आमटी उकळली, वास घरभर पसरला, आणि आतून यांचा आवाज आला, "काय करताय गं?" कित्येक दिवसांत त्यांनी खाण्याबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

ताट नेलं. भाकरी कुस्करून आमटी ओतली, वर लिंबू पिळलं. पहिला घास तोंडात घोळवून ते थांबले. मग गिळला. दुसरा घेतला. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाले, "मीठ नाही यात."

"नाही."

"पण खाता येतंय."

तेव्हा वन्सं दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. पुडी, चिमूट, तीन आठवडे. रडल्या नाहीत. एखादा निरोप पोचवावा तसं सरळ सांगितलं आणि खाली बघत उभ्या राहिल्या.

यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मला माहीत होतं, अक्का," ते म्हणाले. "चव लागायची की मला. पहिल्याच दिवशी कळलं. तू खोटी पडशील म्हणून बोललो नाही. आणि खरं सांगू? हवंसंही वाटायचं."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. भावाला ठाऊक होतं, बहिणीला ठाऊक होतं. मधल्या मधे मी एकटीच पाणी बदलून बघत होते, पीठ बदलून बघत होते, डॉक्टरांपुढे शपथा घेत होते. त्या क्षणी मला दोघांचाही असा संताप आला की हातातली पळी फेकावी. पण यांनी ताट पुढे केलं आणि विचारलं, "अजून आहे का?" मी उठले, आणि वाढलं.

त्याला आता दोन महिने होतील. सूज बरीच उतरली, हैदराबादेला न्यावं लागलं नाही. डॉक्टरांनी येसर चाखून पाहिला, घटक विचारून घेतले आणि म्हणाले, चालेल, पण हात आखडून. विकार गेलेला नाही. जाईल असं ते म्हणत नाहीत. मीठ जन्माचं सुटलं आहे. हे अर्धा दिवस कामावर जातात आणि डबा घरून नेतात. खाणावळीच्या बाजूने जाताना रस्ता बदलतात, असं स्वतःच सांगतात. एक-दोनदा त्यांनी ताट सारलंही. मी तीर्थपुरीचा निरोप सांगितला, तेव्हा परत ओढून घेतलं.

हा प्रवास कुणाला करायचा असेल तर पाच दिवस हाताशी ठेवा, पोहरा आणि अंथरूण घरून न्या, अंबडला मोटार सुटायच्या आधी देवीला जाऊन या. कोंडाबाई लग्नसराईत भेटत नाहीत, तेव्हा आधी कुणाबरोबर तरी निरोप पाठवून विचारा. वेळ नसेल तर कृती वर दिलीच आहे. घरात दगडफूल आणि ऊन असलं की पुरे.

मला अजून पुरतं माफ करता आलेलं नाही, दोघांनाही नाही. पंक्तीला तिघं बसतो, सगळ्यांची आमटी अळणीच असते, आणि मधूनच माझ्या मनात येतं, आता तरी मला सगळं ठाऊक असतं का? विचारत नाही. पण परवा येसर संपला आणि नव्याने भाजायला घेतला तेव्हा बाजरी कधी उतरवायची ते माझं मला कळेना. वासाचा तो नेमका क्षण माझ्या हातून निसटतो. मी वन्संना हाक मारली. त्या आल्या, कढईवर वाकल्या आणि म्हणाल्या, "आता." मी कढई उतरवली.